परदेशी नवरदेवावर पडलेल्या अक्षता

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. दारात बसून निवडत होतो आणि भांडत होतो. भांडण जुनंच. नाशिकचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव चालू कोणी केला, तिने का मी.

झालं असं. नांदगावकडच्या नात्यातलं लग्न होतं, पंचवटीतल्या मंगल कार्यालयात. आम्ही मुलीकडचे, नवरदेव कोणी पाहिलेला नव्हता. लग्न वरच्या हॉलात. खालचा हॉल महोत्सववाल्यांनी घेतलेला. त्यांचं पहिलंच वर्ष, आत नुसत्या खुर्च्या, माणूस नाय. गेटवर हातात अक्षता मिळाल्या आणि मी खालच्या दारात शिरलो. माझ्यामागे सगळे पाहुणे. दारात एक गोरा उभा, गळ्यात हार.

बायको म्हणाली, "अहो, नवरदेव परदेशी केलाय. कोणी बोललं नाही."

"वय जास्त वाटतंय."

"तुमचं काय कमी होतं?"

तिने त्याला कुंकू लावलं, टॉवेल-टोपी, नारळ दिला. तो वाकून पाया पडला. संस्कार चांगले आहेत, असं आमच्यात ठरलं.

दिवे गेले. पडद्यावर एक म्हातारा शेळी घेऊन डोंगर चढायला लागला. चढतोय, चढतोय. मला वाटलं, मुलाकडच्यांनी गावाचा व्हिडिओ लावलाय. चुलतसासू म्हणाली, "शेळी गाभण हाय, कशाला दमवतो तिला." शेवटी वर एक म्हातारी भेटली. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि बायकोने पडद्यावर अक्षता टाकल्या. मग सगळ्यांनीच टाकल्या. गोरा रडायला लागला. सिनेमा त्यानेच काढलेला. असे प्रेक्षक कुठे भेटले नाहीत, पुढच्या वर्षी परत येतो म्हणाला. तो येणार म्हणून महोत्सवाचं पुढचं वर्ष झालं, नायतर तिथंच गुंडाळलं असतं. वर लग्न आमच्याशिवाय लागलं. जेवण मात्र सापडलं.

माझं म्हणणं, दारात आधी मी शिरलो. तिचं म्हणणं, चुकीच्या दारात कुणीपण शिरतं, अक्षता मी टाकल्या. मेथी संपली तरी मिटलं नाही. "भाजी टाकते, मग बोलू," म्हणून आत गेली. ओट्यापाशी खाली बसली ती उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महोत्सव भरवणारे कॉलेजचे सर भेटायला आले. म्हणाले, "काका, तुमच्यामुळे उभा राहिला हा महोत्सव."

"माझ्यामुळे नाय. तिने चालू केला. मी नुसता दार चुकलो."

शेजारी मेहुणा बसला होता. तो म्हणाला, "दाजी, इतकी वर्षं तर तुम्हीच..."

"तू गप बस."

मग मी सरांना तेच वाक्य परत म्हणायला लावलं, तिचं नाव घेऊन, आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.