तारीख आणि भांडी

माझे काका महादेवप्पा मैंदर्गीत बसून अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयाच्या तारखा देतात. कार्यालय एक, पण वह्या दोन. दुसरी वही सोलापुरात चंद्रिकाअक्कांकडे असते; तिथली गिऱ्हाइकं त्या घेतात. तारीख लिहिण्याआधी दोघं एकमेकांना फोन करून विचारतात.

त्या दिवशी मी काकांकडे होतो. फोन लागत नव्हता आणि हिंदुराव मुलीच्या लग्नासाठी मुहूर्ताची शेवटची तारीख मागत होते.

"आप्पा, पान कोरं हाय की. लिवा."

"अक्काचं पान मला दिसत न्हाय. सांजच्याला या."

"तवर दुसरं कार्यालय बघतो. साखरपुड्याला भांडी तरी देता का, का तीबी अक्काला विचारून?"

भांडी काकांनी लगेच दिली.

मी कंपनीत डेटाबेस सांभाळतो. एकच माहिती दोन ठिकाणी असली आणि मधला संपर्क तुटला, की आम्हालाही ठरवावं लागतं: लगेच उत्तर द्यायचं, की खात्री होईपर्यंत विचारणाऱ्याला थांबवायचं. मी विचारलं, "मग भांड्यांची खात्री नको?"

"भांडी कमी पडली तर शेजारून आणीन. दुसरी नवरी कुटं बसवू?"

संध्याकाळी फोन लागला. तारीख मोकळीच होती, पण हिंदुरावांनी दुसरीकडे ठरवलं होतं.

"गेलं गिऱ्हाईक," मी म्हणालो.

"व्हय," काका म्हणाले. "उद्या फोन लागला न्हाय आणि कुणी आलं, तरी थांबच म्हणणार."