मारुतीपुढे फुटलेली कानबाई

धुळ्याच्या ज्या देवळात मी सायंकाळी पुराण सांगत असे, त्याच्या दारासमोर एक विधवा बाई नारळ, फुले आणि कापूर विकत बसे. ती साक्रीकडच्या खेड्यातली. गटारीच्या कडेला मांडलेल्या फळ्या आणि वर एक पत्रा, एवढेच तिचे दुकान. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, एका श्रावणात, ते नगरपालिकेने उचलून नेले. त्या वेळी जे घडले ते लिहिताना आजही माझ्या मनातला कडवटपणा ओसरत नाही, आणि तो ओसरावा अशी प्रार्थनाही मी कधी केलेली नाही.

आठवडाभर रिक्षातून भोंगा फिरत होता. रहदारीला अडथळा करणारी अतिक्रमणे काढली जातील, जप्त सामान कोंडवाड्यामागच्या गोदामात राहील, दंड भरून सोडवून न्यावे, नाशवंत माल मात्र सांभाळला जाणार नाही. तक्रार समोरच्या कापडदुकानदाराची होती, हे सर्वांना ठाऊक होते. त्याच्या स्वतःच्या दुकानाच्या फरसबंद पायऱ्या गटार ओलांडून रस्त्यात आल्या होत्या. त्या पायऱ्यांवर बसूनच पथकाने चहा घेतला आणि मग बाईच्या फळ्यांना हात घातला.

तो शुक्रवार होता. बाई फुले आणायला बाजारात गेली होती. परतली तेव्हा जागेवर ओला चौकोन तेवढा उरला होता. ती धावत देवळात आली आणि माझ्यासमोर मटकन बसली.

"आबा, बठ्ठं लई ग्यात. पेटीमा मनी कानबाई व्हती, तीबी लई ग्यात."

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सारे घेऊन गेले, पेटीतली माझी कानबाईही नेली, असे ती म्हणत होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या प्रांतात घरोघर कानबाई बसते. तिची मूर्ती म्हणजे एक नारळ. त्याला कुंकू भरतात, नथ घालतात, मुकुट चढवतात. सोमवारी चौरंगासह डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात, स्नान घालतात आणि तोच नारळ घरी परत आणून पुढल्या वर्षासाठी जपून ठेवतात. या बाईच्या घराण्यातला नारळ तिच्या सासूच्याही आधीपासूनचा होता. सारे भाऊबंद एकाच कानबाईपुढे रोटाचा नैवेद्य करीत. त्या पावसाळ्यात तिची खोली गळू लागली, म्हणून तिने देवीला पत्र्याच्या पेटीत घालून दुकानाच्या फळीखाली, कोरड्यात, ठेवले होते. रविवार दोन दिवसांवर होता.

कापडदुकानदार पायरीवरून हे ऐकत होता. "देवीला एखादी भाड्याची खोली घ्या म्हणावं," तो म्हणाला. "रस्ता काय देव ठेवायला असतो?"

 त्या वेळी मला जे सुचत होते ते देवळाच्या उंबऱ्यात उच्चारण्याजोगे नव्हते.

त्या दिवशी गोदामाला कुलूप होते. शनिवारी सकाळी आम्ही दोघे पुन्हा गेलो. हातगाड्या, तराजू, मोडके स्टूल, चपलांचे पोते, सारे भिजत पडले होते. गोदामावरचा कारकून दाराशी उभा होता. दाराच्या कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती होता. दर शनिवारी त्याच्यापुढे नारळ फोडायचा, हा त्या पथकाचा नेम. कारकुनाच्या हातात खोबऱ्याची थाळी होती, पण चेहरा उतरलेला होता.

"प्रसाद घ्या शास्त्रीबुवा. पहिला नारळ खराब निघाला, दुसरा फोडावा लागला."

"नारळ कुठले?" मी विचारले.

"जप्तीतले. नाशवंत माल ठेवायचा नाही, असा नियमच आहे."

बाईचे लक्ष आमच्या बोलण्याकडे नव्हते. ती कोनाड्याखाली वाकली होती. तिथे दोन करवंट्या पालथ्या पडल्या होत्या, शेंडी सुटलेल्या. त्यांवर कुंकवाचे थरावर थर चढून ते काळे पडले होते. खाली काळसर भुकटी सांडली होती.

"ही इकानी नही शे," ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. "ही मनी माय शे."

कारकून गडबडला, आणि गडबडलेला माणूस जे करतो तेच त्याने केले. तो चिडला. "मला काय स्वप्न पडलं होतं? कुंकू दिसलं. म्हटलं, देवळात वाहिलेला नारळ असेल. तेच परत आणून विकता ना तुम्ही लोक? साऱ्या धुळ्याला ठाऊक आहे!" त्याने करवंट्या उचलायला हात पुढे केला.

"हात नका लावा तिले!"

त्या आवाजाने गोदामातले हमालही थांबले. तिने दोन्ही तुकडे पदरात घेतले, सांडलेली भुकटीसुद्धा बोटांनी टिपून घेतली.

वाटेत तिने मला विचारले, "आबा, हाई बसाडी ते चालस का?"

ग्रंथ मला पाठ होते. भग्न मूर्तीची पूजा करू नये, तिचे विसर्जन करावे. मी तिला तसे सांगितले, पण पुढे हेही सांगितले की, बाई, कानबाई ग्रंथातून तुमच्या घरी आलेली नाही. तिचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा. तिने पदराची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, एकदा बसवते आणि सोमवारी सोडून देते.

त्याच सायंकाळी कारकून माझ्या घरी आला. बसायला सांगितले तरी बसला नाही.

"बुवा, मुलगी बाळंतपणाला आली आहे. मारुतीपुढे काळा नारळ निघाला. आणि तो देवीचा होता म्हणता. काही शांत सांगा."

आयुष्यभर मी दारी आलेल्याला शांती सांगत आलो. कोणाला विन्मुख पाठवले नाही. त्या माणसाला मी म्हणालो, "जिचा अपराध झाला, तिच्याकडे जा. त्याआधी माझ्याजवळ तुमच्यासाठी एकही मंत्र नाही."

"त्या बाईचे पाय धरू? फुटपाथवरच्या?"

"आता ती फुटपाथवर नाही. तुम्हीच उठवलेत."

तो गेला. बाळंतिणीसाठी मी संध्येनंतर रोज जप केला, ते वेगळे. त्याला कळू दिले नाही.

रविवारी दिराच्या घरी कानबाई बसली. दोन्ही तुकडे लाल नाड्याने आवळून बांधले होते. नथ घातल्यावर आणि मुकुट चढल्यावर भेग दिसत नव्हती. पण साऱ्या बायकांची नजर तिथेच जात होती. खिरीचा घास कोणाला उतरत नव्हता.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली ती देवळावरून. डफ वाजत होता, रस्ता पूर्ण अडला होता. ट्रक थांबले, नगरपालिकेची जीपही थांबली. कापडदुकानदार आपल्या पायऱ्या उतरून हात जोडून उभा राहिला. बाईने डोक्यावरचा चौरंग दोन्ही हातांनी धरला होता. तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

पांझरा नदीच्या काठावर कारकून उभा होता. हातात नवा, सोललेला नारळ, त्यावर ब्लाऊजपीस. लोकांदेखत तो वाकला. "अक्का, चूक झाली. हा घ्या, हाच बसवा पुढल्या वर्षी."

आरती संपली होती. एरवी याच क्षणी नारळ पाण्यात बुडवून परत उचलतात. तिने नथ काढली, मुकुट काढला, नाडा तसाच ठेवला आणि कानबाई प्रवाहात सोडली. पुराचे पाणी गढूळ होते. लाल नाडा एकदा वर आला आणि मग दिसला नाही.

तेव्हा ती कारकुनाकडे वळली आणि तिने त्याच्या हातातल्या नारळाकडे बोट दाखवले.

"हाऊ तुमना मारुतीले फोडा," ती म्हणाली. "हाऊ चांगला निंघी."

आणि रिकामा चौरंग काखेत मारून चढण चढू लागली. तिच्यामागे सारे भाऊबंद निघाले, डफ बंद करून. मीही निघालो. कारकुनाने मला हाक मारली, "बुवा, आता तरी काही सांगा." मी ती ऐकली, आणि थांबलो नाही.