रविवारची कॅप्सूल

"व्हिटॅमिन डी डेफिशियन्सी," म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता, असं कुंभकोणमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता. तिरुनागेश्वरम्‌च्या देवळात पायरी चुकले आणि मनगट मोडलं.

"अम्मा, तुम्हाला बारा वर्षं शुगर आहे. हाडं लवकर मोडू शकतात. नुसतं कॅल्शियम गिळून भागत नाही, आतड्याने ते शोषून घ्यायला डी लागतं."

रोज कॅल्शियमची गोळी आणि दर रविवारी जेवणानंतर डीची एक कॅप्सूल. औषधांचं सगळं माझी सून सुधा पाहायची. ती शाळेत विज्ञान शिकवते, शिस्तीची आहे.

पहिल्याच आठवड्यात आमच्या विठ्ठलभजनातली एक बाई म्हणाली, कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. अंगावर काटाच आला. डॉक्टरांना विचारायला हवं होतं. पण ते हसतील, सुधा घरी वर्ग भरवेल, म्हणून गप्प बसले. रविवारी तिच्यासमोर कॅप्सूल गालात धरायची, वर पाणी प्यायची आणि मागे जाऊन मोगऱ्याच्या कुंडीत थुंकायची. मोठी आले मी सोवळ्याची!

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. डी होतं तिथंच. मालॲब्सॉर्प्शन, म्हणजे आतडं काही शोषतच नाही की काय, असा डॉक्टरांना संशय आला. आणखी रक्त घेतलं, मग एंडोस्कोपी ठरली, म्हणजे नळी घालून पोट आतून पाहणं. "गोळ्या चुकत नाहीत ना?" त्यांनी सुधेला विचारलं.

बाहेर बाकावर माझा मुलगा आमच्या इथल्या जुन्या वळणाच्या मराठीत तिच्यावर उखडला. "आठवड्याला एक गोळी, तेवढीही देणं तुज होईना का?"

"दिलें की मी, दर रविवारी," सुधा म्हणाली आणि तिचे डोळे भरले. सगळे बघत होते. मी फाइलची दोरी सोडत-बांधत बसले. त्या दिवसाची लाज अजून जात नाही.

एंडोस्कोपीच्या सकाळी सुधा रजा टाकून माझ्याशेजारी बसली होती. नर्सने नाव पुकारलं आणि मला राहवेना. डॉक्टरांसमोर, मुलासमोर सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर हसले नाहीत. "पातळ औषध मिळतं, अम्मा. त्याला कवच नसतं. पहिल्याच दिवशी बोलला असता तर लिहून दिलं असतं."

मुलाने मान खाली घातली. सुधा एवढंच म्हणाली, "तुम्ही मज एक बोल सांगायचं होतं, आई."

तुमचाही काही नेम असेल तर डॉक्टरांना सांगा. लपवू नका. त्याची शिक्षा दुसऱ्याला होते.

नळी टळली. भजनाच्या बायकांना मी स्वतः सांगितलं की सुधा एकही रविवार विसरली नव्हती. आता डी हळूहळू वाढतंय. रविवारी सुधा औषधाचा चमचा पुढे धरते आणि मी गिळलं की म्हणते, "तोंड उघडून दाखवा." त्यात चेष्टा नसते. एकसष्ट वर्षांची सासू मी, मुकाट्याने आ करते.