तीन वर्तुळं आणि ताईचं छत

ताईच्या हाताला मी जबाबदार आहे. छत मी पाडलं नाही, पण ती त्याखाली राहिली ती माझ्या शब्दावर.

भूकंपाच्या नोंदी वाचणं हे माझं काम. जमीन हलली की पहिली लहर लवकर पोहोचते, दुसरी मागाहून. दोन्हींच्या वेळेतल्या फरकावरून भूकंप नोंद घेणाऱ्या केंद्रापासून किती लांब झाला ते कळतं, दिशा मात्र कळत नाही. म्हणून केंद्राभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं. तीन केंद्रांची वर्तुळं जिथे एकत्र छेदतात, भूकंप तिथला. मग आलेखावरची रेघ किती उसळली ते मोजून, अंतर हिशेबात धरून त्याची ताकद काढायची. लोक तिला रिश्टर म्हणतात.

त्या दुपारी हलका धक्का दिवा उपनगरातही जाणवला. माझी विधवा ताई तिथे घाईत उभारलेल्या इमारतीत सगळ्यात वर एकटी राहायची, पोळी-भाजीचे डबे द्यायची. तिचा फोन आला. छताची भेग वाढलीय, काही दिवस घोडबंदरला तुमच्याकडे येऊ का, असं विचारत होती. मुलीची बारावीची परीक्षा होती, मला घरात आणखी कोणी नको होतं. ते न सांगता मी तिला वर्तुळं समजावत बसलो. भूकंप लांबचा आहे, लहान आहे, मी स्वतः काढलंय म्हणालो.

"तुझ्या वर्तुळात माझं छत येतं का रे?" ती हसली. मग म्हणाली, "बरं, तू म्हणतोस तर राहते."

त्याच आठवड्यात छताच्या प्लास्टरचा मोठा तुकडा तिच्या उजव्या मनगटावर पडला. स्लॅब आधीच गळका होता. धक्क्याचा त्यात किती वाटा, मला सांगता येत नाही. मी गणित पुन्हा तपासलं, ते बरोबर होतं. भूकंपाची ताकद एकच असते, पण प्रत्येक घराला तो वेगळा सोसावा लागतो, हे नव्या मुलांना मीच शिकवतो.

आता ताई आमच्याकडेच असते. तिची मूठ वळत नाही. बायको पोळ्या लाटते तेव्हा ती शेजारी बसून म्हणते, "कडा जाड राहतायत गं." एकदा हे ऐकून मी बाहेर निघून गेलो. परत आलो तेव्हा ती गॅलरीत एकटीच होती. मी तिचा हात हातात घेतला.

"ताई, तू घाबरली होतीस. मी तुला ये म्हणायला हवं होतं. मला तू तेव्हा नको होतीस, म्हणून तसं बोललो. मला माफ कर."