गदिगेप्पाची लाल बाटली

कोणी शिंकलं की ‘शतायुषी हो’ म्हणायची रीत ब्याडगीत कधी पडलीच नाही. म्हणायचं ठरवलं तर दुसरं काही बोलायला वेळच उरणार नाही. संक्रांत ते उगादी, म्हणजे आपला पाडवा, बाजार समितीच्या यार्डात मिरचीचे ढीग लागले की बँकेतला साहेब शिंकतो, मठातला स्वामी शिंकतो, बसस्टँडवरचं कुत्रंसुद्धा शिंकतं. पण या सगळ्यांत अव्वल नंबर गदिगेप्पाचा. आडनाव मेणसिनकाई, म्हणजे मिरचीच. मिरचीचं आडनाव लावून मिरचीलाच शिंकणारा माणूस गावाने कसा सोडावा?

गदिगेप्पाचं वय अठ्ठावन्न. आपल्या गावाहून, हिरेहळ्ळीहून, अकरा बायकांना रोज सकाळी टेम्पोत घालून यार्डातल्या शेडवर आणायचं, दिवसभर त्यांनी मिरचीचे देठ खुडायचे, आणि संध्याकाळी पाचला पुन्हा गावी सोडायचं, हा त्याचा हंगामातला धंदा. त्याच्या शेजारी, केबिनमध्ये, बायको गिरिजव्वा बसे. तीही देठ खुडायला जात असे. मागे चढायला गुडघा साथ देत नाही, असं ती सांगायची. खरं कारण वेगळं होतं. नवरा शिंकायला लागला की सलग सात-आठ शिंका देई आणि प्रत्येक शिंकेला डोळे मिटून घेई. तेवढ्यापुरता रस्ता बघायला कोणीतरी लागतंच.

गदिगेप्पाचं एक तत्त्व होतं. जे झोंबत नाही त्यात दम नाही. सर्दीला मिऱ्यांचा काढा, तोही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोट दुखलं तर ओवा, तोही जीभ भाजेपर्यंत. गोड वस्तूवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. आणि गंमत अशी की ब्याडगीची मिरची ही दिसायला लालभडक, पण तोंडाला सौम्य. ती रंगासाठी नावाजलेली. आंध्रातल्या गुंटूरच्या जहाल मिरचीचे ट्रकवाले येऊन हिणवायचे की ‘रंग आहे, दम नाही’. हे गदिगेप्पाच्या मनाला असं लागलं होतं की पुढे तोच हे वाक्य सगळ्या जगाला लावत सुटला. जावई? रंग आहे, दम नाही. नवा सरपंच? रंग आहे, दम नाही. भावाच्या टेम्पोचा हॉर्न? तेच.

या वर्षी शिंकांनी कहर केला, तेव्हा गिरिजव्वाने त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मिरचीच्या धुळीची ॲलर्जी आहे असं सांगितलं, तोंडाला ओला रुमाल बांधायला सांगितला आणि चिठ्ठीवर एक पातळ औषध लिहून दिलं. चिठ्ठी घेऊन गदिगेप्पा स्टँडजवळच्या शिवलीलेच्या दुकानात गेला. शिवलीला औषधांचं रीतसर शिकलेली, आणि तिला एक वाईट खोड होती. औषध देताना ती बोलायची.

“अप्पा, इकडे बघा. बाटलीवर ही टोपी आहे ना, हिच्या आत रेघा आहेत. दहाच्या रेघेपर्यंत भरायचं, एका वेळी तेवढंच. घरातला चमचा नाही, अंदाज नाही.”

“बरं.”

“याने झोप येते. आपल्याला झोप आलीय हे पुष्कळदा माणसाला कळतही नाही. हे घेतलंत की गाडीला हात लावायचा नाही. दारू नाही. आणि सर्दीची दुसरी गोळी तर अजिबात नाही, त्यात बहुतेक वेळा हेच औषध असतं. दोन्ही मिळून डबल होतं.”

“बरं म्हटलं ना.”

“आणि अप्पा, तुम्हाला लघवी अडकत वगैरे नाही ना? काचबिंदू?”

दुकानात तीन बायका उभ्या होत्या. एकीने पदर तोंडाला लावला. गदिगेप्पाच्या कानापर्यंत रक्त चढलं.

“माझं सगळं ठणठणीत आहे!” तो ओरडला. “हे काय, लहान पोरांचं सरबत! लालभडक, गोडमिट्ट. रंग आहे, दम नाही. दे इकडे.”

“पोरांनासुद्धा वजन बघून, डॉक्टरांनी सांगितलं तरच देतात, अप्पा,” शिवलीला म्हणाली. पण अप्पा पायरी उतरला होता. लघवीच्या एका प्रश्नापायी त्याने बाकी सगळ्या सूचना त्या पायरीवरच टाकून दिल्या. पुरुषाची अब्रू वाचली. तिची केवढी किंमत पडणार होती ते पुढे कळायचं होतं.

दहाची रेघ असलेली ती टोपी टेम्पोत काचेखाली गेली आणि तिच्यात कातरलेली सुपारी आली. औषध बाटलीला तोंड लावून. सकाळी एक घोट. शिंका थांबल्या, हे खरं. तोंडाला कोरड पडायला लागली, तर तो म्हणाला हवाच कोरडी. जांभया यायला लागल्या, तर म्हणाला गिरिजव्वाच्या भाकरीत जड काहीतरी आहे. बिचारी बाई तीस वर्षं तीच भाकरी थापत होती.

“गदिगेप्पा, गाडी चालवतोस की पाळणा हलवतोस रे?” मागून नीलव्वा ओरडायची. ती बायकांमधली सगळ्यात थोरली, आणि तिचा आवाज हॉर्नपेक्षा मोठा. “एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. माझा डबा तीनदा सांडला.”

“रस्ता खराब आहे, नीलक्का!”

“रस्ता कालपण हाच होता!”

केबिनमध्ये गिरिजव्वा हलक्या आवाजात विचारायची, “अहो, त्या शिवलीलेने गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं ना? तिथे उभी होती ती निंगव्वा म्हणत होती.”

“ती दुकानदार आहे. तिला बोलायचे पैसे मिळतात.”

गिरिजव्वा पुन्हा रस्त्याकडे बघत राही. शिंका थांबल्यावर तरी आपली सुटका होईल असं तिला वाटलं होतं. आता तिला पापणी लववायचीही सोय उरली नाही.

मग तो गुरुवार आला. हंगामातला सगळ्यात मोठा बाजार. यार्डात पाय ठेवायला जागा नाही, ढिगांच्या मधून जेमतेम गाडीपुरती वाट, आणि हवेत लाल धूळ अशी की उन्हाचाच रंग बदललेला. ओला रुमाल गदिगेप्पाने बांधला नव्हता, कारण तो बायकी दिसतो. फाटकापाशीच त्याने एका दमात अठरा शिंका दिल्या. शेजारी गुंटूरचा ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाला, “काय मामा, या फिक्या मिरचीला एवढ्या शिंका? आमच्याकडे आलात तर मरूनच जाल!”

गदिगेप्पाच्या नाकाला जे झोंबलं ते मिरचीने नव्हतं. तो गाडीत बसला, बाटली काढली आणि तीन मोठे घोट घेतले. दुपारी मिरची-मंडक्की, म्हणजे मिरचीची भजी आणि चुरमुरे, खाताना नाक पुन्हा चुरचुरलं, तर चहावाल्याने प्रेमाने सर्दीची एक गोळी पुढे केली. गोळी कडू होती. कडू म्हणजे दमदार, असं म्हणत त्याने ती गिळली. साडेचारला, अकरा बायका देठ खुडून हात झटकत होत्या, तेव्हा त्याने बाटलीचे आणखी दोन घोट घेतले. सकाळी नवी उघडलेली बाटली अर्ध्याच्या खाली गेली होती.

गिरिजव्वा शेजारी येऊन बसली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ कोरडे, डोळे जड, आणि बोलताना जीभ कुठेतरी मागे राहतेय.

“किती घोट घेतले?”

“एकच.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

“एकच म्हटलं ना! सरबत आहे ते.”

“किल्ली द्या. आपण बसने जाऊ. बायकांना मी सांगते, गाडी बिघडली म्हणून.”

“चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी,” गदिगेप्पा म्हणाला, “आणि आता बायको मला सांगणार?” त्याने किल्ली फिरवली.

शेडपासून फाटक दोनशे पावलं. डावीकडे मिरचीचा ढीग, उजवीकडे मिरचीचा ढीग, आणि पुढे वळणावर दुसऱ्या गावच्या वीसेक बायका गाडीकडे पाठ करून, पाय पसरून देठ खुडत बसलेल्या. एकीच्या मांडीवर तान्हं मूल होतं. गिरिजव्वा नेहमीप्रमाणे रस्ता बघत होती. वळण आलं. गाडी वळेना. तिने शेजारी पाहिलं. नवऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर अगदी व्यवस्थित होते, मान ताठ होती, आणि डोळे मिटलेले होते. ही शिंक नव्हती.

ती ओरडली की नाही, तिला आठवत नाही. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून आपल्या बाजूला ओढलं. टेम्पो डाव्या ढिगात शिरला, काच फुटली, आणि मिरची आत कोसळली. मागे अकरा बायका एकमेकींवर आदळल्या. नीलव्वाच्या शिव्या सुरू झाल्या, म्हणजे मागे सगळं ठीक होतं. गिरिजव्वाचं उजवं मनगट काचेखालच्या पत्र्यावर आपटून मोडलं होतं.

लाल धुरळा उठला. हमाल शिंकले, अडते शिंकले, त्या पाठमोऱ्या बायका उठून शिंकायला लागल्या, मांडीवरचं ते पोर शिंकून शिंकून रडलं. सगळं यार्ड शिंकत होतं. गळ्यापर्यंत मिरचीत बुडालेला गदिगेप्पा मात्र एकदाही शिंकला नाही. औषध उत्तम लागू पडलं होतं.

त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, “फाटक आलं का?”

दवाखान्यात गिरिजव्वाच्या हाताला प्लास्टर घातलं. त्या रात्री गदिगेप्पालाही तिथेच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी अंमल उतरल्यावर तो बाटली घेऊन शिवलीलेच्या दुकानात गेला. ती ओरडेल अशी त्याची तयारी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त बाटली उजेडात धरली, उरलेलं औषध बघितलं, आणि त्याने चहावाल्याकडून मागून आणलेलं गोळीचं पाकीट बाटलीशेजारी ठेवलं.

“वाचा, अप्पा.”

गदिगेप्पाने चष्मा लावला. बोट ठेवून ठेवून वाचलं. बाटलीवर जे नाव, तेच पाकिटावर. बाटलीवर खाली बारीक अक्षरात, गाडी चालवू नये, असंही लिहिलेलं होतं. आजही दुकानात बायका होत्या, आणि त्याला त्यांची लाज वाटली नाही.

“गोड होतं गं ते,” तो म्हणाला. “पोरी, ती बाई समोर लेकरू घेऊन बसली होती. मी पाहिलंच नाही. माझ्या हिने पाहिलं.”

डॉक्टरीणबाईंनी औषध बदलून दिलं. याने झोप कमी येते, पण काहींना येतेच, तेव्हा औषध कसं लागू पडतं ते कळेपर्यंत गाडी बंद, असं त्यांनी बजावलं. आणि हेही पातळच होतं, टोपीसकट. जुनी बाटली गदिगेप्पाने शिवलीलेकडेच टाकायला दिली, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या हाती ती लागू नये म्हणून.

सोमवारी सकाळी गिरिजव्वाला हात दाखवायला ब्याडगीला जायचं होतं. गदिगेप्पा ओसरीवर बसला, टोपी डोळ्यांसमोर धरली आणि रेघेपर्यंत औषध ओतलं. थेंबभर जास्त पडलं, तर बायकोने प्लास्टरचा हात वर केला. त्याने तो थेंब मुकाट्याने बाटलीच्या काठावर निथळवला. औषध घेतलं, टोपी धुतली, खिशातून टेम्पोची किल्ली काढली आणि तिच्या डाव्या हातात ठेवली. तिने ती कंबरेला खोचली. तिने मागितली नव्हती.

बसमध्ये त्या अकरा बायका होत्याच. त्याला चढताना पाहून सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. गेल्या चाळीस वर्षांत गदिगेप्पाला कोणी बसमध्ये पाहिलं नव्हतं. तोंडाला ओला रुमाल बांधलेला, हातात बायकोच्या औषधांची पिशवी. तो खाली मान घालून खिडकीशी बसला.

“काय रे,” नीलव्वाने मागच्या सीटवरून सुरुवात केली, “आज रंगही नाही आणि दमही नाही?”

बस हसली. गदिगेप्पाने काहीच उत्तर दिलं नाही. नीलव्वाला ते चमत्कारिक वाटलं, म्हणून ती वाकून बघायला लागली. त्याचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलं होतं, तोंड थोडं उघडं होतं, आणि रुमाल श्वासाबरोबर हलत होता.

“अगं बाई, हा झोपला! गिरिजा, हलव त्याला, डोकं आपटेल.”

गिरिजव्वाने डाव्या हाताने कंबरेची किल्ली चाचपली. मग तिने नवऱ्याचं डोकं गजावरून काढून आपल्या खांद्यावर घेतलं.

“झोपू दे, अक्का,” ती म्हणाली. “आज किल्ली माझ्याकडे आहे.”

आणि मग, किती दिवसांनी कोण जाणे, तिनेही रस्त्यावरची नजर काढली आणि डोळे मिटले.