एक प्रश्न तुमचा, एक माझा

नंदूदादांना मी प्रथम पाहिलं ते आमच्या विरारच्या सोसायटीच्या सभेत. गच्चीच्या गळतीचा विषय उरकून सगळ्यांना खरा रस असलेला विषय निघाला होता: दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू, निलेश आणि प्रसाद. दोघं जोडीदार आहेत अशी कुणकुण लागल्यापासून कमिटीला 'सडेफटिंग भाडेकरू नकोत' हा विसरलेला नियम आठवला होता. घर खाली करायला सांगायचं जवळजवळ ठरलं, तेवढ्यात त्या दोघांनी बोलावलेले एक गृहस्थ उठले.

"मी नंदकुमार, लोक नंदूदादा म्हणतात. पापडीला राहतो, समलिंगी आहे, आणि ही वाडीतली केळी सगळ्यांसाठी आहेत. काय हवं ते विचारा. अट एवढीच, एक प्रश्न तुमचा, एक माझा."

सगळे एकमेकांना 'तुम्ही विचारा' म्हणून खुणावू लागले. कुतूहल आमच्याकडे भरपूर. अडचण उत्तरं देण्याची होती. शेवटी सेक्रेटरी सावंतांना राहवेना. "तुमच्यात बाई कोण?"

"कोणीच नाही. म्हणून तर भांडी आम्हालाच घासावी लागतात. आता माझा. तुमच्याकडे कोण घासतं?"

"सांगा की हो, सांगा!" मागून सावंतवहिनी.

मग तळमजल्यावरच्या काकू निलेशला म्हणाल्या, "घरी माहितीये का रे तुझ्या?"

"माहितीये काकू. म्हणून तर मला दुसरं घर नाही."

दादांनी हळूच विचारलं, "काकू, तुमचे चिरंजीव दुबईत कोणाबरोबर राहतात?"

"चौघं मित्र मिळून." काकू सावंतांकडे वळल्या. "अहो, तिथं कुणी त्यांना असं काढलं तर ओ?"

विषय स्थगित झाला. आमच्याकडे तो अंतिम निकाल समजतात.

दादांचं अनेक वर्षांचं काम याच पद्धतीने चालतं. रविवारी पापडीच्या वाडीत चाफ्याखाली खुर्च्या मांडतात, निलेश-प्रसादसारखी मुलं येतात, धीर झाला की त्यांचे आईबापही येतात. दादांचे जोडीदार अरविंदराव चहा देतात. तो फार गोड असतो, हे कुणीतरी छापायलाच हवं होतं. एकदा जूचंद्रहून निलेशचे वडील तावातावाने आले. "सांगा, चुकलं कुनाचं?"

"ते नंतर बघू. निलेशला जेवणात काय आवडतं?"

ते विचारायला त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं ते कोलंबीच्या कालवणावरून.

मी एकदा दादांना विचारलं, "तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की. घरी जाऊन अरविंदवर काढतो. आता माझा. तुम्ही तुमच्या सदरात अख्ख्या वसई-विरारची टिंगल छापता, आमची कधी केली नाहीत. आम्ही इथले नाही का?"

उत्तराला वेळ लागला. यंदा सोसायटीच्या पूजेला निलेशने हट्टाने शिरा केला आणि पातेल्यासकट करपवला. मी याच सदरात त्या शिऱ्याचा यथासांग समाचार घेतला. सकाळीच दादांचा फोन. "उत्तर पोचलं. निलेशचे वडील कात्रण घेऊन जूचंद्रभर फिरतायत, 'हा माझा पोरगा' म्हणून!"

दादा, साठीच्या शुभेच्छा. तुम्हाला आणि अरविंदरावांना ठणठणीत, दीर्घ आयुष्य लाभो. नियमाप्रमाणे आता विचारायची पाळी माझी, आणि माझ्याकडे शंभरीपर्यंत पुरतील एवढे प्रश्न आहेत. केळी तेवढी आणत राहा.