लिओनिद झिमिनची हाक

कामा नदीवरच्या तालनिकी गावात कागदाचा कारखाना होता आणि त्या कारखान्याचा फुटबॉलचा संघ होता. लिओनिद झिमिन या संघाचा गोलरक्षक. त्याचे वडील लगदा शिजवण्याच्या विभागात कामाला होते. लहानपणी तो गोलात उभा राहू लागला तो काही हौसेने नव्हे. बुटांचे तळ फाटलेले असल्यामुळे त्याला पळता येत नसे. पुढे मात्र त्या जागेचं त्याला वेड लागलं. विशीत मॉस्कोच्या एका मोठ्या संघाने त्याला बोलावून नेलं, पण तिथे दोन हंगाम राखीव म्हणून बसून तो परत आला.

"काय रे ल्योन्या, मॉस्कोचा बाक आपल्यापेक्षा मऊ असतो का?" कारखान्याच्या फाटकावर लोक लिओनिदला लाडाच्या नावाने विचारायचे.

"मऊ होता. मी बसून बसून झिजवला," तो सांगायचा.

परतल्यावर त्याला पुढे प्रोखोर व्यातकिन मिळाला. प्रोखोर मधला बचावपटू, लाकूडतोड्यांच्या घरातला, आडदांड. उंच चेंडू गोलासमोर आला की लिओनिद "माझा!" असं ओरडून झेपावायचा. गोलरक्षकाची ही हाक म्हणजे हुकूम. ती कानावर पडली की आपल्या माणसाने मागे न बघता चेंडू सोडून द्यायचा. बाकीचे मुकाट्याने सोडत. प्रोखोर मात्र दर वेळी "घे!" म्हणायचा, पानात वाढत असल्यासारखं.

म्हातारे प्रशिक्षक मित्रिच वैतागायचे. "अरे, लग्नाची पंगत आहे का ही? घे काय, घे काय!"

सप्टेंबर संपत आला होता. पावसाने मैदानाचा चिखल झालेला. कोपऱ्यावरून चेंडू उंच आला. लिओनिदने हाक दिली. प्रोखोर "घे!" म्हणाला आणि मान खाली घालून थांबला. तेवढ्यात वाऱ्याने चेंडू आत वळवला. लिओनिद क्षणभर अडखळला आणि मग झेपावला. झेपावताना गोलरक्षकाने गुडघा वर घ्यायचा असतो, समोरच्याच्या धक्क्यापासून छाती वाचावी म्हणून. हे त्याच्या अंगात पोरवयापासून मुरलेलं होतं. तो गुडघा प्रोखोरच्या कानशिलावर बसला.

चेंडू लिओनिदच्या हातात होता. लोक टाळ्या वाजवत होते. प्रोखोर उठला, हसला, सामना पुरा खेळला आणि नंतर बुटाची नाडी सोडता सोडता आडवा झाला. इस्पितळातून तो घरी आला नाही.

लिओनिदला कोणीच बोल लावला नाही. तू नियमाप्रमाणे खेळलास, असं चौकशीला आलेल्या माणसानेही सांगितलं. शवपेटीला खांदा द्यायला त्यालाच पुढे बोलावलं. प्रोखोरची बायको तैसिया त्याच्याच छातीवर डोकं टेकून रडली. हिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला हिवाळाभर वाटत राहिलं.

बर्फ वितळल्यावर संघ पुन्हा मैदानात उतरला. पहिलाच उंच चेंडू आला. लिओनिद तोंड उघडणार, तोच डाव्या कानाशी आवाज आला.

"घे!"

त्याचे पाय रेषेला चिकटले. चेंडू दुसऱ्याच कोणीतरी बाहेर टोलवला. मग हे रोजचंच झालं. चेंडू हवेत चढायचा, कानाशी "घे!" व्हायचं आणि लिओनिद गोलरेषेवर मुका उभा राहायचा. एप्रिलमध्ये त्याच्या मुकेपणामुळे दोन आपलीच माणसं एकमेकांवर आदळली. प्रोखोरच्या जागी आलेल्या दोलिनची भुवई फुटली.

"जीभ गहाण टाकलीस का रे, झिमिन?" दोलिन रक्त पुसत म्हणाला. "निदान एक शिवी तरी दे!"

मित्रिचनी लिओनिदला बाजूला घेतलं. "रविवारी लाकूडगिरणीच्या संघाशी गाठ आहे. तोंड उघडलंस तर गोल तुझा. नाहीतर राखीव शुबिनला उभा करतो आणि तू जा बापासारखा लगदा ढवळायला. माझा एक माणूस गेलाय, लेका. दुसरा मला घालवायचा नाही."

ईस्टरनंतरचा पितरांचा मंगळवार त्याच आठवड्यात होता. सगळं गाव कबरींवर गेलं होतं. प्रोखोरच्या कबरीभोवती निळं लोखंडी कुंपण, आत छोटं टेबल आणि बाक. तैसियाने धिरडी, रंगवलेली अंडी आणि मनुका घातलेला गोड भात मांडला होता. प्रोखोरच्या नावाचा वोदकाचा पेला वेगळा ठेवून तो काळ्या पावाच्या तुकड्याने झाकला होता. सगळ्यांनी आपापले पेले उचलले. लिओनिदने हात लांब केला आणि आपला पेला त्या झाकलेल्या पेल्याला टणकन भिडवला.

मेलेल्यासाठी पिताना पेले भिडवत नाहीत, हे तालनिकीत पोरासोरांनाही ठाऊक. प्रोखोरच्या आईने घाईघाईने छातीवर क्रूस काढला. "अरे देवा! कोणाशी पेला भिडवतोयस, बाबा?"

"चुकलं, मावशी. सवयीने झालं."

"असू द्या, आई," तैसिया म्हणाली. ती लिओनिदकडे एकटक बघत होती. "तुला ऐकू येतो ना तो?"

लिओनिदने मान खाली घातली.

"मैदानावर? काय म्हणतो?"

"घे म्हणतो."

तैसिया थोडा वेळ अंड्याचं कवच सोलत राहिली. "मला काही म्हणत नाही. घर गप्प, अंथरूण गप्प. दर सामन्याला गोलामागे येऊन बसते, ते कशासाठी वाटतं तुला? तू 'माझा' म्हणशील म्हणून. ल्योन्याने हाक दिली की डोळे मिटून उभं राहावं, असं म्हणायचा तो. ती हाक मला ऐकायचीय. तूच ती गिळून बसलायस."

"त्याच हाकेने गेला तो, तैसिया."

"हो. त्याच हाकेने गेला," ती म्हणाली. "म्हणूनच हवीय."

रविवारी उत्तरार्धात कोपऱ्यावरून चेंडू आला. "घे!" झालं. गोलामागे तैसिया बसलेली आहे, हे लिओनिदला न वळताही कळत होतं.

"माझा!"

आवाज इतका मोठा निघाला की तो स्वतःच दचकला. दोलिन मान खाली घालून जागच्या जागी थांबला, अगदी प्रोखोरसारखा. केसांखालची घामेजलेली मान लिओनिदला दिसली. तो झेपावला, पण गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवून. लाकूडगिरणीच्या आघाडीपटूचं कोपर त्याच्या उघड्या छातीत घुसलं. बरगडी मोडल्याचा आवाज त्याला आतून ऐकू आला. चेंडू त्याने सोडला नाही.

मित्रिच पळत आले. "गुडघा कुठे होता, गाढवा? गुडघा वर घ्यायला कोणाची परवानगी हवी?"

लिओनिद गोलामागे बघत होता. तैसिया उठून उभी राहिली होती. तिने डोक्यावरच्या रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली आणि सामना संपायच्या आत निघून गेली. त्यानंतर ती मैदानावर आली नाही. पुढे लग्न करून ती नदीच्या खालच्या अंगाला राहायला गेली.

लिओनिद त्यानंतर बरीच वर्षं खेळला. गुडघा त्याने पुन्हा कधी वर घेतला नाही. नाक दोनदा फुटलं, पुढचे दात गेले. त्याच्यासारखा हाक देणारा गोलरक्षक दुसरा नाही, असं लोक म्हणत. हाक द्यायच्या आधी तो किंचित थांबतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. कानाशी "घे!" झाल्याशिवाय तो जागचा हलत नसे.

मग एका ऑगस्टमध्ये, वारा पडलेला असताना, उजवीकडून एक संथ चेंडू आला. पोरानेही झेलावा असा. लिओनिद रेषेवर उभा राहिला, मान थोडी कलती करून. दोलिन ओरडला, "ल्योन्या, नीघ ना!" कोणाच्या तरी डोक्याला लागून चेंडू त्याच्या शेजारून आत गेला.

"झोपलास का रे?" दोलिनने येऊन विचारलं.

"आज म्हणाला नाही," लिओनिद म्हणाला.

"कोण म्हणाला नाही?"

लिओनिदने हातमोजे काढून त्याच्या हातात दिले आणि तो गोलाच्या मागे जाऊन उभा राहिला. मित्रिच लांबून हातवारे करत होते. शेवटी शुबिन धावत गोलात आला. थोड्या वेळाने पुन्हा चेंडू हवेत चढला आणि शुबिन "माझा!" ओरडला. लिओनिदने श्वास रोखून ऐकलं. सगळे मुकाट्याने बाजूला झाले होते.